राजेळीची चाळीस पोरं

काशी, ४ मार्च

मृणालिनीस,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या वेळी लिहीत नाही. पुढे तुझी वागणूक बघून ठरवीन.

फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्ये मध्ये बोलतेस. कागदावर मी एकटी बोलते. तिसरीतून शाळा सुटलेली बाई आहे मी, अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण तू वाचशील. वाचावंच लागेल. तुझी चाळीस पोरं माझ्या घरी आली आहेत.

गेल्या जूनमध्ये तू माझ्या नातीला, ऋताला, पुण्याहून कुरिअरने राजेळी केळीचं एक पिल्लू पाठवलंस. मला कळू न देता. झाड आजारी आहे, पानं शेंड्याशी गोळा होऊन झाडूसारखी उभी राहिलीत, काही कर म्हणालीस. कधीपासून आजारी ते तिलाही सांगितलं नाहीस. ऋताचं काम तुला माहीत आहे, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत झाडाचा कण बाटलीत घालून त्याची रोपं करतात. तिने तुझ्या पिल्लाच्या पोटातून मोहरीएवढा कोंब काढला, रोग नाही ना ते तपासून घेतलं आणि नऊ महिन्यांत त्याची आठ बाटल्या रोपं केली. एकेका बाटलीत पाच. बोटाएवढी, हिरवीगार, काचेत उभी. खाली चायना गवताच्या हलव्यासारखा पांढुरका थर. तोच ती खातात, त्यात साखरही असते म्हणे. फुकटची चैन.

आता ती बाटलीतून काढून मातीत लावायची आणि घरच्या हवेची सवय करायची. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शेडचे पंखे बंद पडलेत, म्हणून ती पोरगी परवा खोकं घेऊन माझ्यापुढे उभी.

"आजी, ये संभालना."

"माझ्याकडे कशाला?"

"यांच्याजवळ दिवसभर कोणीतरी लागतं. घरात तुझ्याइतकं रिकामं कोण आहे?"

"आहेत कोणाची?"

आधी खोकं माझ्या हातात दिलं. "मृणालिनी आजीची. जगली की अर्धी पुण्याला, अर्धी आपल्याला."

मी लगेच हो म्हटलं. का म्हटलं ते तुला सांगायला नको.

आजेसासऱ्यांनी कोकणातून आणलेली ती केळ. मागच्या अंगणात मोरीच्या पाण्यावर वाढलेली. तिच्या फळांची सुकेळी या घरात मी करत होते. सोलून, उन्हात घालून, रोज उलटून, माकडांना हाकलत दहा दिवस गच्चीवर मी बसत होते. तुझ्या नवऱ्याची बदली झाली आणि एकोणीस वर्षांपूर्वी तू तो गड्डा मुळासकट खणून पुण्याला नेलास. मागे खड्डा ठेवलास. मी तीनदा एक पिल्लू मागितलं. तीनदा तू म्हणालीस, आता काशीत ती लागायची नाही. आणि तिकडे सुकेळीवाल्या मृणालिनीताई झालीस.

भिऊ नकोस, मी यांना मारणार नाही. एवढी सोपी मी नाही. मी यांना वाढवीन. चांगली कमरेएवढी करीन. आणि मग तुला एकही देणार नाही.

तुझी थोरली जाऊ,
शरदिनी

काशी, १९ मार्च

मृणालिनीस,

ऋताने तुला फोनवर सांगून टाकलंच आहे, तेव्हा लपवण्यात अर्थ नाही. वीस मेली.

मुद्दाम नाही मारली. तू तसं म्हणालीस म्हणे ऋताला. तुझं तोंड तू धू.

काय झालं ते ऐक. ऋताने बजावलं होतं, रोप बाटलीतून अलगद काढ, मुळाला चिकटलेला तो हलवा पूर्ण धू, ही पुडी पाण्यात कालवून त्यात बुडव, मग नारळाच्या भुशात लाव. पुडी कसली म्हटलं, तर बुरशीचं औषध. आता तूच सांग. काचेत जन्मलेलं पोर. ना कोणी न्हाऊ घातलेलं, ना कोणी दृष्ट काढलेली. त्याची पहिली आंघोळ मी औषधाने घालू? काशीत राहून? मी गुडघे धरत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरले, तांब्याची घागर भरली, चढताना तीनदा बसले. वीस रोपांना एकेक करून गंगाजलाने न्हाऊ घातलं, आणि वर थोडं थोडं भुशातही शिंपडलं. पुडी तशीच फडताळात ठेवली.

तिसऱ्या दिवशी देठाशी पांढरा कापूस. चौथ्या दिवशी माना काळ्या. पाचव्या दिवशी सगळी आडवी.

ऋता संध्याकाळी आली आणि गच्चीवर किंचाळली. "आजी! पुडी दी थी न मैंने?"

"गंगाजल असताना औषध कशाला?"

"अगं नदी आहे ती! सगळ्या शहराचं काय काय..."

"नदी म्हणू नकोस."

"बरं, आई म्हणते. आई के पानी में फफूँद है, आजी, बुरशी. बाटलीत यांनी कधी जंतू पाहिलाच नाही. तू एकदम सगळे दाखवलेस."

मी पुडी फडताळातून काढली. आयुष्यात चार-पाचदा दुसऱ्याचं ऐकलं असेन, त्यातली ही एक वेळ. गंगेला दोष देत नाही. ती घाटावर आहे, तिला घागरीत घालून गच्चीवर मी आणलं.

पण मग रात्रीची भाकरी थापताना माझ्या डोक्यात लख्ख झालं. तीस-पस्तीस वर्षं मी ब्रह्माघाटापासून दुर्गाघाटापर्यंत मराठी घरांतल्या बाळंतिणी आणि पोरं न्हाऊ घातली. कमी दिवसांचं पोर कसं जगवतात ते मला कोणी शिकवायला नको. तुझा विश्वेश आठव्या महिन्यात झाला, मुठीएवढा. डॉक्टर म्हणाला नेऊ नका, तुम्ही आणलात. त्याला कापसात कोणी ठेवला? सव्वा महिना खिडकीला गोधडी कोणी टांगली? दार रोज बोटभर जास्त कोणी उघडलं? तू तर रडत पडली होतीस.

हीसुद्धा कमी दिवसांचीच. मग त्यांना तसंच ठेवायचं. अजून बाटल्यांत होती ती उरलेली वीस काल लावली. या वेळी उकळून गार केलेलं पाणी. पुडीतही बुडवली, नाक धरून. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या अर्ध्या कापून एकेकीवर टोपडं घातलं. गच्चीवर नाही, आतल्या खोलीत, जिथे ऊन नुसतं भिंतीवर पडतं.

तुला हे कशाला सांगते आहे? तू फोन करून ऋताच्या कानाशी लागलीस, "तुझ्या आजीला जमणार नाही." ते मला कळलं आहे.

शरदिनी

काशी, १२ एप्रिल

मृणालिनीस,

अठरा जगली. वाच परत. अठरा.

पहिले आठ दिवस टोपडं काढलंच नाही. आतून दव धरायचं. मग डाभण तापवून एकेका टोपड्याला एक भोक. दोन दिवसांनी दुसरं. मग तिसरं. पानं सुकल्यासारखी दिसली की त्या दिवशी भोक नाही. शेवटी सकाळी तासभर टोपडं उघडं, मग दोन तास. ऋता वहीत सगळं लिहून घेते, तिच्या शेडमध्ये म्हणे एवढं कोणी करत नाही. मी म्हटलं, त्यांच्याकडे कोणी सुडाने करत नसेल.

एक गोष्ट तुला ठाऊक नसणार. बाटलीत वाढलेली पानं बाहेर टिकत नाहीत. कितीही जपा, पिवळी पडून गळतात. त्यांना पाणी धरून ठेवायची अक्कलच नसते. मग पोटातून एक नवं पान येतं, गुंडाळलेलं, जाडसर, थोडं राकट. ते इथल्या हवेत जन्मलेलं. ते आलं की रोप जगलं म्हणायचं. अठरांना ते आलं आहे. आता पिशव्यांत लावून गच्चीवर माकडं अडवायला लावलेल्या जाळीत ठेवलीत, वर ओलं गोणपाट. भाजणारा वारा, लू, सुरू व्हायला आली आहे. दर दोन तासांनी गोणपाटावर पाणी मारावं लागतं, म्हणून मी देवदर्शन सोडलं आहे. तुझ्या केळीसाठी. ते पाप तुझ्या नावावर.

तुझं पत्र मिळालं. बरंच मऊ लिहिलं आहेस. आमच्याकडची शेवटची केळही गेली, गड्डा जाळावा लागला, आता रोग नसलेली राजेळी कुठे असेल तर ती तुमच्याच गच्चीवर, वहिनी, मला दहा द्या. "वहिनी" सात वेळा लिहिलं आहेस. एकोणीस वर्षांचं एकदम.

मी पहिल्या पत्रात एकही देणार नाही म्हटलं होतं. आता बदलते. दहा देईन. पण मला एक हवं.

गेल्या वैशाखात हे अंथरुणाला खिळले होते. अन्न जात नव्हतं. एक दिवस म्हणाले, आपली सुकेळी असती तर खाल्ली असती. मी, मी, तुला फोन केला. तू म्हणालीस, पाठवते. पाठवलीस. यांनी एक तुकडा तोंडात धरला, चघळला, काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ही आपली नव्हे." त्यानंतर तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत खायचं म्हणून काही मागितलं नाही.

ती बाजारातली होती. पाकिटावरचं लेबल सोलल्याचा डिंक माझ्या बोटाला लागला होता. तू तेव्हा छातीठोक म्हणालीस, घरचीच आहे, विष्णुभावजींची चवच गेली असेल. मरणाऱ्या माणसाची चव गेली म्हणालीस तू.

तर ते मला तुझ्या हाताने कागदावर लिहून हवं. की ती बाजारातली होती आणि तू खोटं बोललीस. नऊ मे रोजी यांचं वर्षश्राद्ध आहे. घाटावरची सगळी मराठी घरं जेवायला येणार. त्यांच्यापुढे मी ते वाचणार. मग ऋताबरोबर दहा रोपं पुण्याला. शब्द आहे माझा. तो मोडत नाही, हे तुलाही कबूल करावं लागेल.

शरदिनी

काशी, ११ मे

मृणालिनीस,

तुझा लिफाफा सात तारखेला आला. ऋता म्हणाली, मृणालिनी आजीने सगळं लिहिलंय, फोनवर रडली. मी लिफाफा फोडला नाही. देवाजवळ ठेवला. सगळ्यांच्या पुढे फोडायचा होता मला. तो माझा मूर्खपणा. दुसरं कोणी सांगायच्या आत मीच सांगते.

परवा श्राद्ध झालं. ढुंढिराज भटजींनी पिंड वगैरे नीट केलं, घाई केली नाही, हे विशेष. पंचवीस पानं उठली. सुपारी फिरत होती. मी उभी राहिले, चष्मा लावला, लिफाफा फोडला.

भटजी म्हणाले, "वहिनी, आज काय आहे हे? वाचन?"

"बसा," म्हटलं. "यांच्यासाठीच आहे."

वाचायला मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. एकेक शब्द जोडून जोडून. पुढे काय येणार ते मला दिसत नाही, ऐकणाऱ्याला कळतं तेव्हाच मलाही कळतं. सुरुवात तू चोख लिहिलीस. ती सुकेळी बाजारातली होती. लेबल मी काढलं. मी खोटं बोलले. दोन वर्षं माझ्या केळीला घडच नव्हता, आणि माझ्या हातात ती मेली हे तुमच्यापुढे मला सांगवेना. भावजींच्या मरणापुढेही सांगवलं नाही. त्याची क्षमा मागत नाही, ती तुम्ही करणार नाही.

बायका चुकचुकल्या. माझ्या जिवाला गार वाटलं. खोटं कशाला लिहू, वर्षभरात नव्हतं वाटलं एवढं गार. तिथे थांबले असते तर. पण खाली आणखी ओळी होत्या, आणि मी अडखळत वाचत सुटले:

"पण वहिनी, एक तुम्हीही सगळ्यांना सांगा. गड्डा खणला त्या दिवशी दोन पिल्लं मी तुमच्यासाठी भिंतीशी काढून ठेवली होती. तुम्ही जिन्यावरून खाली आलात, ती उचललीत, हातगाडीवर फेकलीत आणि म्हणालात, सगळं ने, मुळासकट ने, डास तरी जातील. नंतर मागितलीत तेव्हा मी दिली नाहीत, तो माझा राग. तो अजून आहे."

मग नरहर भावजी, यांचे चुलतभाऊ, आयुष्यात कधी वेळेवर न बोललेला माणूस, सुपारी गालात सारून म्हणाले, "हो हो! हातगाडी मीच आणली होती की! एक पिल्लू माझ्या पायावर पडलं. वहिनी काय तापल्या होत्या!" आणि हसले. मग पंचवीसच्या पंचवीस हसले. वर्षश्राद्धाच्या पानावर.

भटजी निघताना म्हणाले, "विष्णुभाऊ असते तर फार हसले असते." असते खरे. त्याचाच मला जास्त राग आला.

डासांचं मी म्हणाले असेन. त्या वेळी डास होतेच.

आता पुढचं. सगळे गेल्यावर चार वाजता ऋता भांडी आवरायला आली आणि मध्येच थांबली. म्हणाली, "आजी. गोणपाट?"

पहाटे पाच वाजता पाणी मारलं होतं. मग स्वयंपाक, मग घाट, मग पानं, मग माझं वाचन. अकरा तास. आणि परवा लू अशी होती की गच्चीच्या दाराच्या कडीला हात लागला तर भाजत होता. आम्ही वर धावलो. मी धावले, हो. गोणपाट पापडासारखं वाजत होतं. खाली सगळी पोरं करड्या रंगाची, पानं हातात घेतली की चुरा.

सोळा गेली. पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकतो, त्या कोपऱ्यात दोन हिरवी होती.

मी दहाचा शब्द दिला होता. माझ्याकडे दोन आहेत. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. ऋताचाही आता मी घेऊन ठेवला आहे.

शरदिनी

काशी, ३ जून

मृणालिनीस,

हे पत्र ऋताच्या हाती आहे आणि तिच्या दुसऱ्या हातात पिशवी आहे. पिशवी आधी घे, मग वाच.

दोन्हींतलं एक मोठं आहे, पाच पानांचं, वीतभर उंच, देठाला लाली धरलेली. दुसरं दोन पानांचं, वाकडं, त्याचं काही खरं नाही. ऋता म्हणाली, "आजी, मोठं आपण ठेवू. बारकं दे त्यांना. तूच म्हणत होतीस, एकही देणार नाही."

मी तीन आठवडे विचार केला. तेवढे दिवस दोघांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, गोणपाट भिजवत. कुठे गेले नाही. कोणाकडे गेले असते तरी लोक डास म्हणून हसलेच असते. ढुंढिराज भटजींची सूनबाई तर तोंडाला पदर लावते मला बघून.

मोठं तुला पाठवते आहे.

गैरसमज नको. बारकं दिलं असतं आणि मेलं असतं, तर तू आयुष्यभर सांगत फिरली असतीस, शरदिनीने मेलेलंच दिलं. मोठं देते आहे, ताठ, निरोगी, माझ्या हातचं. आता मेलं तर सगळ्या पुण्याला कळेल कोणाच्या हातून मेलं. त्यासाठी देते आहे.

दहाचा शब्द होता, एक पाठवते. नऊ राहिली. ती मला बोचतील, तुला नाही, तेव्हा तू त्यावर बोलू नकोस.

काय करायचं ते खरं खरं लिहिते, एकही गोष्ट लपवलेली नाही, ऋताला विचार. गाडीतून आलं आहे, तेव्हा दोन दिवस हलवू नकोस, सावलीत ठेव. पाऊस धरला तरी एकदम पावसात ठेवू नकोस. सकाळचं ऊन तासभर, मग रोज थोडं जास्त. नवं पान उलगडेपर्यंत जमिनीत लावू नकोस. जुन्या गड्ड्याच्या जागी तर मुळीच नको, तिथली माती आजारी आहे. लावशील तिथे मोरीचं पाणी येऊ दे, तिला ते आवडतं. गंगाजल देवघरात ठेव. आणि पानावर माव्याची कीड दिसली तर ऋताला विचार. शेजारणीचं ऐकू नकोस, स्वतःच्या मनाचं तर त्याहून नको.

बारकं मी ठेवलं आहे. ऋता म्हणते जगणार नाही. मी तिला म्हटलं, विश्वेशलाही डॉक्टर तेच म्हणाला होता. आता तो केवढा ढोल झाला आहे.

यांच्या सुकेळीची गोष्ट मी विसरलेले नाही. तू लिहून दिलंस, मी वाचलं, म्हणजे ती पुसली असं समजू नकोस. तुझ्या रागाचं तू म्हणालीस, अजून आहे. ठेव. माझाही आहे. दोघींचा मिळून पुरेल.

ऋताला चार दिवस तुझ्याकडे ठेवून घे. तिला भात कमी घाल, चपात्या जास्त. आणि रोपाकडे बघताना तिचा चेहरा बघत जा, काही बिघडलं असेल तर ती बोलायच्या आधी तिथे दिसतं.

जगलं तर मला कळवू नकोस. मेलं तर लगेच फोन कर.

शरदिनी